दोन हंड्या, एक दस्तरखान

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पकडला की साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्ग येते. किल्ल्याचे बुरूज मागे पडले की थोड्याच वेळात रस्त्याला लागून जळकोट लागते. लातूर जिल्ह्यात याच नावाचे तालुक्याचे गाव आहे, त्यामुळे पत्ता सांगताना 'नळदुर्गजवळचे' असे नेहमी जोडावे लागते. आमचे जळकोट तुळजापूर तालुक्यातले, जिल्हा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद. दिवाळीच्या सुट्टीत इथे आलात तर सोयाबीन निघून गेलेली काळी राने, पिवळ्या फुलांवर आलेली तूर आणि नुकतीच वर आलेली शाळू ज्वारी दिसते. गावाच्या नावात 'जळ' आहे, समुद्र मात्र इथून चारशे किलोमीटरवर.

हे माझे माहेर. इथल्या दस्तरखानाची ओळख म्हणजे उस्मानाबादी शेळी. काळीभोर, काटक, थोड्या चाऱ्यावर तगणारी आणि बहुतेक वेळा जुळी पिल्ले देणारी ही जात देशभर याच जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. त्यामुळे अकीका असो, वलिमा असो की ईद, आमच्याकडे बगारा खाना, दालचा आणि मटण हे ठरलेले. मासळी म्हणजे आठवडी बाजारातली सुकट आणि सुका बोंबील. ओली मासळी हवी असेल तर तलाव-धरणातला रोहू, कटला, उजनीची चिलापी आणि नशीब असेल तर मरळ. सुरमई, कोळंबी, खेकडा ही नावे आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकात भेटली, ताटात नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचे लग्न रत्नागिरीच्या मुलीशी झाले आणि समुद्राशी आमचे नाते जुळले. आमच्याकडे नव्या सुनेला घरातले सगळे 'दुल्हन' म्हणतात. ती शिकलेली, मनमिळाऊ. आठवड्याभरात ज्वारीची भाकरी थापायला शिकली, दालच्यात चिंच किती घालायची तेही शिकली. पण जेवताना तिच्या ताटाकडे पाहिले की कळायचे, पोट भरते आहे, मन भरत नाही. एकदा मी विचारले तेव्हा हसून म्हणाली, "आपा, आमच्याकडे दुपारी कालवण नसेल तर घरात कुणीतरी आजारी आहे असं समजतात."

दिवाळीच्या सुट्टीत सगळे घर जळकोटला जमणार होते. आम्ही बहिणी, चुलत भावंडे, फुफी, फुफाजी, त्यांची नातवंडे आणि यंदा प्रथमच दुल्हनचे आईवडील. पोरांनी मोबाइलवर 'सीफूड बॉइल' नावाचा प्रकार पाहिला होता. मोठ्या हंडीत कोळंबी, खेकडे, बटाटे, मक्याची कणसे एकत्र उकडायची आणि सगळा ढीग मध्ये ओतून सर्वांनी हाताने खायचा. पोरांनी हट्ट धरला. दुल्हनच्या वडिलांनी, म्हणजे समधीसाहेबांनी फोनवर ऐकले आणि लगेच म्हणाले, "मासळी मी घेऊन येतो. तुम्ही फक्त चूल तयार ठेवा."

हा प्रकार मूळचा अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याकडचा. लुइझियाना राज्यात क्रॉफिश नावाचा गोड्या पाण्यातला, लहान शेवंडीसारखा दिसणारा जीव मसालेदार पाण्यात उकडतात आणि शेजारपाजारचे लोक एकत्र जमून खातात. तिथल्या हंडीत बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज पडते, कुणी पाण्यात बियरही ओततो. आपल्या घरात या दोन्ही गोष्टींचा प्रश्नच नाही. त्या वगळल्या तरी हंडीचे काही बिघडत नाही. चव मसाला, लसूण, लिंबू आणि मासळीच्या ताजेपणातून येते.

खरा प्रश्न वेगळाच निघाला. यादी करताना 'खेकडे' हा शब्द आला आणि बडे अब्बांचा सोलापूरहून फोन आला. त्यांचा सूर रागाचा नव्हता, पण पक्का होता. "मछली पकाओ, झिंगे पकाओ, हम कुछ नै बोलते. पन केकडा इस घर की हंडी में कभी नै पड्या."

दुल्हनने हे ऐकले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "राहू दे आपा, मी अब्बांना सांगते खेकडे आणू नका म्हणून. कोळंबीही नको. उगाच माझ्यामुळे बोलाचाली नको." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मनाला जास्त लागले. अम्मी चुलीपाशी बसली होती. ती मागे न वळता म्हणाली, "उसके मायके की चीज उसके घर में नै पकेगी तो कां पकेगी?"

आता घरात दोन बाजू झाल्या होत्या आणि दोन्ही बाजू बरोबर होत्या. कशा, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण अशी घरे आता वाढत आहेत. शिक्षण, नोकऱ्या यांमुळे मराठवाड्याची मुले कोकणात आणि कोकणातल्या मुली मराठवाड्यात येत आहेत. निकाह एका दिवसात होतो, दोन स्वयंपाकघरे एकमेकांना ओळखायला मात्र वर्षे लागतात.

आपण दोघेही मराठी मुसलमान, पण इस्लाम आपल्यापर्यंत दोन वाटांनी आला. कोकण किनाऱ्यावर तो अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आला. म्हणून रत्नागिरी, रायगडचे कोकणी मुसलमान इमाम शाफई यांच्या मजहबाचे आहेत. भटकळचे नवायत, केरळचे मापिल्ला आणि पुढे मलेशिया, इंडोनेशिया ही सगळी त्याच सागरी वाटेवरची शाफई वस्ती. दख्खनच्या पठारावर इस्लाम उत्तरेकडून, खुश्कीच्या वाटेनेही आला. इथली बहुसंख्य मुस्लिम घरे इमाम अबू हनीफा यांच्या मजहबाची. रत्नागिरीच्या राजिवडा आणि मिरकरवाडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे दालदी मुसलमान राहतात. त्यांच्यासाठी समुद्र हेच शेत. आमच्या शेतात खेकडा दिसतो तो पावसाळ्यात बांधावर, आणि पोरे त्याला काठीने डिवचतात.

फिकहचा फरकही इथेच आहे. सूरह अल-माइदाच्या ९६ व्या आयतीत समुद्राची शिकार आणि समुद्राचे अन्न हलाल असल्याचे सांगितले आहे. शाफई उलमांनी याचा अर्थ व्यापक घेतला आणि समुद्रात राहणारे जवळजवळ सगळे जीव हलाल मानले. हनफी उलमांनी पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल मानला. मृत असूनही हलाल असलेल्या दोन जीवांत मासा आणि टोळ यांचा उल्लेख करणारी हदीस, आणि सूरह अल-आराफच्या १५७ व्या आयतीत 'खबाइस', म्हणजे घाणेरड्या वस्तू, हराम असल्याचा जो उल्लेख येतो, हे त्यांचे आधार. मासा दोघांनाही चालतो आणि त्याला जबह करावे लागत नाही, याबद्दल वाद नाही.

कोळंबीचे काय? इथे हनफी उलमांमध्येच दोन मते आहेत. प्रश्न असा की कोळंबी मासा आहे का. आजचे प्राणिशास्त्र 'नाही' म्हणेल, पण जुन्या अरबी भाषेच्या जाणकारांनी तिला माशांत मोजले. चौदाव्या शतकातील अल्लामा दमीरी यांनी 'हयातुल हयवान' या प्राण्यांवरच्या प्रसिद्ध ग्रंथातही तिची गणना माशांत केली. याच आधारावर मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या आलिमांनी ती खाण्यास परवानगी दिली. इतर काही उलमांनी मात्र न खाणे बरे असे म्हटले. आमच्याच घरात बडे अब्बा कोळंबी खातात आणि बडी अम्मी खात नाहीत.

खेकडा हनफी मजहबात खाल्ला जात नाही. शाफई मजहबातही त्याच्यावर चर्चा झाली आहे, कारण तो पाण्याबाहेरही वावरतो. जमीन आणि पाणी दोन्हीकडे जगणाऱ्या जीवांचा हुकूम शाफई फिकहमध्ये वेगळा आहे. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने २००२ मध्ये खेकड्याच्या जाती आणि त्यांचे जगणे तपासून घेतले. तो पाण्याचाच जीव आहे असे ठरवून त्यांनी तो हलाल असल्याचा फतवा दिला. म्हणजे समधीसाहेबांच्या ताटातला खेकडा हा काही बेफिकिरीचा भाग नाही, त्याच्यामागे इल्म आहे. आणि बडे अब्बांचा नकार हा हट्ट नाही, त्याच्यामागेही इल्म आहे.

हे सगळे आम्हाला उलगडून सांगितले ते फुफाजींनी. ते मदरशात शिकवतात. त्या रात्री अंगणात बाजेवर बसून त्यांनी एक प्रसंग सांगितला, जो बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी दस्तरखानावर भाजलेली घोरपडीसारखी 'दब' आली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले की ही हराम आहे का. प्रेषितांनी (स.) नाही म्हटले. आपल्या लोकांच्या प्रदेशात ती नसते, म्हणून मनाला रुचत नाही, इतकेच कारण त्यांनी दिले. मग हजरत खालिद (रजि.) यांनी ती ओढून घेऊन खाल्ली आणि प्रेषित (स.) पाहत राहिले.

फुफाजी म्हणाले, "पाहा, एकाच दस्तरखानावर एकाने हात मागे घेतला, दुसऱ्याने पुढे केला. न खाणाऱ्याने नाक मुरडले नाही आणि खाणाऱ्याने चिडवले नाही. दबचा मसला आणि खेकड्याचा मसला एक नाही, हे मलाही माहीत आहे. पण दस्तरखानाचा अदब तोच आहे."

मग मुद्दा हंडीवर आला. फुफाजींनी 'हिदाया' या हनफी ग्रंथाचा दाखला दिला. पाण्यात राहणारे मासा, बेडूक, खेकडा यांसारखे जीव पाण्यात मेले तरी पाणी नापाक होत नाही, असे त्यात म्हटले आहे. खेकडा खाणे मना आहे, पण त्याच्या स्पर्शाने भांडे कायमचे बाटत नाही. धुतले की झाले. तरीही न खाणाऱ्याच्या ताटात त्याचा रस जाऊ नये, हा आपला बंदोबस्त. अब्बांनी फोन लावला आणि बडे अब्बांना एवढेच सांगितले, "भाईसाब, दो हंडियां चढेंगी. तुमारी हंडी अलग." पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही, मग आवाज आला, "फिर ठीक है. मरळ मैं लातूं."

रविवारी फजरच्या वेळी समधीसाहेबांची गाडी दारात आली. आदल्या रात्री मगरिब पढून ते रत्नागिरीहून निघाले होते. आंबा घाट, कोल्हापूर, सांगली-मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर असा रात्रभराचा प्रवास. गाडीत थर्माकोलची दोन खोकी होती. तळाशी बर्फ, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ, असे थर. खोक्याला खाली एक छिद्र, कारण वितळलेल्या पाण्यात मासळी बुडून राहिली तर नासते. खेकडे मात्र बर्फात नव्हते. नांग्या सुतळीने बांधून ते ओल्या गोणपाटात गुंडाळले होते. खाडीचा खेकडा ओलसर आणि गार ठेवला तर पाण्याबाहेरही बराच काळ जिवंत राहतो. मेलेला खेकडा मात्र लवकर खराब होतो, म्हणून तो घेऊच नये, असे समधीसाहेबांनी बजावले.

त्यांनी पोरांना ताजी मासळी ओळखायला शिकवले, ते इथेही सांगते. आमच्यासारख्या समुद्रापासून दूरच्या लोकांना ते जास्त उपयोगी. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, आत गेलेले नकोत. कल्ले उचलून पाहावेत, आत लाल रंग हवा. बोटाने दाबले तर खड्डा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा यावा, कुबट येऊ नये. कोळंबीचे डोके सैल पडून काळे झाले असेल तर ती जुनी समजावी. आणि जून-जुलैत, जेव्हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा असा बेत आखूच नये.

आम्ही लहानमोठे धरून सव्वीस जण होतो. अंगणात तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या, बाभळीची लाकडे आणि पेटवणाला तुराट्या. पहिल्या मोठ्या हंडीत बारा लिटर पाणी. त्यात मूठभर तमालपत्र, दोन मोठे चमचे मिरे, तेवढीच मोहरी, आठ-दहा लवंगा, आडवे कापलेले सहा लसणाचे गड्डे, आठ कांदे अर्धे करून, वाटीभर जाडसर कुटलेली ब्याडगी मिरची आणि आठ लिंबांच्या फोडी. मीठ साधारण दीडशे ग्रॅम. मोबाइलवरच्या पाककृतीत मीठ याच्या कितीतरी पट होते. अम्मीने ते साफ नाकारले. कारण पुढे येईल.

या पाककृतीचे सगळे गणित क्रमात आहे. जे उशिरा शिजते ते आधी. पाणी खळखळल्यावर अर्धा तास मसाला उकळू दिला. मग तीन किलो लहान बटाटे, सालासकट. पंधरा मिनिटांनी मक्याची वीस कणसे, प्रत्येकाचे दोन तुकडे. आणखी दहा मिनिटांनी चुलीतली दोन लाकडे बाहेर ओढली आणि पाणी शांत झाल्यावर मासळी सोडली. मलमलच्या कापडात सैल बांधलेली, रत्नागिरीची सुरमई आणि बडे अब्बांनी आणलेली मरळ, दोन बोटे जाडीचे तुकडे. कापडात बांधल्याने तुकडे फुटत नाहीत आणि एकदम उचलता येतात. मरळीला काटे कमी आणि मांस घट्ट, म्हणून ती या कामाला रोहूपेक्षा बरी. सहा-सात मिनिटांत मासळी तयार. ही झाली सगळ्यांची हंडी.

दुसरी हंडी सहा लिटर पाण्याची, मसाला त्याच प्रमाणात. या हंडीचा क्रम फुफाजी आणि दुल्हन यांनी मिळून ठरवला होता. आधी तीन किलो कोळंबी, पाठीतला काळा धागा काढलेली. कोळंबी गुलाबी होऊन अर्ध्या चंद्रासारखी वळली की लगेच काढायची. तीन मिनिटे पुरे होतात, जास्त झाली तर रबरासारखी चिवट होते. तिचे तबक वेगळे. ती पूर्ण उपसून झाल्यावर मगच त्याच पाण्यात खेकडे. म्हणजे बडे अब्बांना कोळंबी खाता आली, कारण तिला खेकड्याचे पाणी लागलेच नव्हते. आणि बडी अम्मींची हंडी तर पहिलीच. शिजण्याचा क्रम आणि मजहबाचा क्रम एकच निघाला.

खेकडे जिवंतच उकळत्या पाण्यात टाकतात, हे पोरांनी व्हिडिओत पाहिले होते. समधीसाहेबांनी तसे केले नाही. त्यांनी बांधलेले खेकडे आधी बर्फात दाबून ठेवले. ते गारठून निपचित पडल्यावर सुरीने झटकन कारभार उरकला, मग साफ करून हंडीत. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान ठरवून दिला आहे आणि जनावर कापतानाही त्याला कमीत कमी त्रास द्यायचा आहे, ही शिकवण फक्त बकऱ्यापुरती नाही, असे ते म्हणाले. बारा-पंधरा मिनिटांत हिरवट काळे कवच शेंदरी झाले आणि सगळी पोरे हंडीभोवती गोळा झाली.

वरून ओतायला दोन रस होते. एक अम्मीचा: साजूक तुपात ठेचलेला लसूण, आमचा काळा मसाला आणि लिंबू. दुसरा समधनचा: ओल्या नारळाचे घट्ट दूध, कोकम, हिरवी मिरची आणि कोथिंबीर. कुणी कुठला घ्यायचा याला कुठलाही फतवा नव्हता.

पोरांना वर्तमानपत्रे अंथरायची होती, व्हिडिओत तशीच असतात. अम्मी म्हणाली, त्यावर कुठे ना कुठे अल्लाहचे नाव छापलेले असते, त्यावर कवच आणि काटे टाकायचे? शिवाय छपाईची शाई अन्नात उतरते. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना काढली होती. आम्ही दस्तरखानावर पळसाच्या पत्रावळी जोडून अंथरल्या. एक सावधगिरी मात्र सगळ्यांना सांगावी अशी आहे. कोळंबी-खेकड्याची काहींना ॲलर्जी असते. आमच्या पोरांनी कधीच न खाल्लेले, म्हणून प्रत्येकाला आधी एक छोटा तुकडा दिला आणि थोडा वेळ थांबलो. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा श्वासाला त्रास वाटला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

जोहरची नमाज अंगणातच झाली. फुफाजी इमाम, मागे एक सफ. समधीसाहेबांनी रुकूत जाताना हात उचलले, बडे अब्बांनी नाही उचलले. खांद्याला खांदा मात्र लागलेलाच होता. नमाजेत हा फरक आपण शेकडो वर्षे पाहतो आहोत आणि त्यामुळे सफ मोडत नाही. मग ताटातल्या फरकाने दस्तरखान का मोडावा, हे तिथे कुणी बोलून दाखवले नाही, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होते.

जेवायला बसल्यावर तीन ढीग तीन बाजूंना होते. मासळी मधोमध, कोळंबी एका कडेला, खेकडे दुसऱ्या टोकाला पाहुण्यांपुढे. उजव्या हाताने, आपल्या समोरचे खावे, हा अदब लहानपणी शिकवला जातो. त्या दिवशी तो नुसता अदब राहिला नव्हता, सोयही झाली होती. आपल्या समोर जे आहे तेच आपले. दुल्हन आधी संकोचून मासळीच्या बाजूला बसली होती. अम्मीने तिला उठवून तिच्या अब्बांशेजारी बसवले.

दुल्हनचा लहान भाचा खेकड्याच्या नांगीशी झटत होता. ती काही फुटेना. बडे अब्बा पलीकडून पाहत होते. त्यांनी खलबत्त्यातला बत्ता मागवला, नांगी फडक्यात गुंडाळली, एक नेमका ठोका दिला आणि कवच उघडून पोरापुढे ठेवले. "खा, बेटा." मग हात धुऊन आले आणि मरळीचा तुकडा उचलला. दुल्हन खाली मान घालून जेवत होती. त्या दिवशी तिचे ताट मी प्रथमच दुसऱ्यांदा भरलेले पाहिले.

आता मिठाचे कारण. अमेरिकेत उकडून झाले की हंडीतले पाणी ओतून देतात. आमच्या अम्मीला हे पटणे शक्यच नव्हते. ज्या भागात पाण्याच्या टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले, तिथे बारा लिटर पाणी मोरीत? २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते कुणी विसरलेले नाही. इथून हाकेच्या अंतरावरच्या नळदुर्ग किल्ल्यात इब्राहिम आदिलशाह दुसरे यांच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. बांध भरून वाहिला की 'नर' आणि 'मादी' हे दोन धबधबे पाहायला लोक लांबून येतात. पाणी अडवावे आणि त्याचा मान राखावा, हे या मातीला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही तर आपल्या दीनचीच शिकवण.

म्हणून मीठ बेताचे. पहिल्या हंडीचे पाणी गाळून अम्मीने त्यात रात्रीचा भात शिजवला. मासळीचा, लसणाचा, मक्याचा सगळा अर्क त्यात उतरला होता. दुसऱ्या हंडीच्या पाण्यात समधनने नारळाचे दूध घालून पाहुण्यांपुरता भात केला. मोरीत गेले ते फक्त भांडी धुतलेले पाणी. समधीसाहेब म्हणाले, "आमच्याकडे पाऊस इतका, की पाण्याचा हिशेब कधी ठेवलाच नाही. हे मात्र जळकोटकडून शिकून जाणार."

ज्या घरात दोन प्रदेशांचे, दोन मजहबांचे लोक एकत्र येतात, तिथे बेत ठरवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: कोण काय खात नाही? आणि 'का नाही' हे विचारताना आवाजात कुतूहल असावे, चेष्टा नसावी. मसल्याबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. एक जास्तीची हंडी, एक जास्तीची पळी आणि शिजवण्याचा नीट क्रम, एवढ्यावर बहुतेक भांडणे मिटतात. जी मिटत नाहीत ती बहुधा खाण्याची नसतातच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आता जळकोटचे लोक रत्नागिरीला जायचे ठरले आहे. अम्मीने दालच्याची डाळ, चिंच आणि काळा मसाला बांधून ठेवायला सुरुवात केली आहे. समधनचा परवाच फोन आला होता: तुमच्या बडी अम्मींसाठी कोळंबी न लागलेली हंडी वेगळी काढून ठेवली आहे, इन्शाअल्लाह याच.